नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये कॉन्सर्ट बँडचं खऱ्यासारखं रेकॉर्डिंग कसं बनवायचं? संपूर्ण माहिती मराठीत

समजा, तुम्ही शाळेच्या किंवा कॉलेजच्या बँडसाठी एक धून लिहिली आहे. रात्री जागून कॉम्प्युटरवर एकेक स्वर भरला, प्ले बटण दाबलं आणि स्पीकरमधून आवाज आला तो जुन्या बटणवाल्या फोनच्या रिंगटोनसारखा. ट्रम्पेट खेळण्यातल्या पिपाणीसारखं, ड्रम पत्र्याच्या डब्यासारखा. मित्रांना ऐकवायची सोय नाही, सरांना तर नाहीच नाही.

आता याच्या उलट बाजू बघा. कोणीतरी महागडे साउंड टाकतो, रेकॉर्डिंग एकदम झकास होतं, सगळे वाहवा करतात. मग तोच स्कोअर चाळीस मुलांच्या बँडसमोर ठेवला जातो आणि पहिल्याच तालमीत फ्लूट ऐकू येत नाही, ट्युबावाल्याचा दम संपतो, ट्रम्पेटवाल्याचे ओठ दुखतात. कॉम्प्युटरवर छान वाजलेलं माणसांना वाजवता येत नाही.

त्यामुळे या लेखात 'खऱ्यासारखं' या शब्दाचा अर्थ आपण जरा कडक ठेवणार आहोत. खरा बँड हा स्कोअर जसा वाजवेल, तसं ऐकवणारं रेकॉर्डिंग ते चांगलं रेकॉर्डिंग. चला तर मग, एकेक पायरी समजून घेऊया.

कॉन्सर्ट बँड म्हणजे काय?

फुंकून वाजवायची वाद्यं आणि तालवाद्यं मिळून जो मोठा ताफा होतो, त्याला कॉन्सर्ट बँड म्हणतात. व्हायोलिनसारखी तंतुवाद्यं यात नसतात. अपवाद एखाद्या डबल बासचा. साधारणपणे यात ही वाद्यं असतात:

- लाकडी वाद्यांचा गट: पिकोलो, फ्लूट, ओबो, बॅसून, क्लॅरिनेट, बास क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन. सॅक्सोफोन पितळेचा असला तरी त्यात वेताची पट्टी म्हणजे रीड असते, म्हणून तो या गटात.
- पितळी वाद्यांचा गट: ट्रम्पेट किंवा कॉर्नेट, फ्रेंच हॉर्न, ट्रॉम्बोन, युफोनियम, ट्युबा.
- तालवाद्यं: स्नेअर ड्रम, बास ड्रम, झांजा, टिंपनी, झायलोफोन वगैरे.

आपल्याकडे लष्कराचे आणि पोलिसांचे बँड याच घराण्यातले. लग्नाच्या वरातीतला ब्रास बँड हा त्यांचा दूरचा नातेवाईक. तिथले बरेच वादक चाल कानाने उचलतात, कॉन्सर्ट बँड मात्र लिहिलेल्या स्टाफ नोटेशनवरून वाजवतो. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये हे नोटेशन शिकवायची जुनी परंपरा आहे. तिथून तयार झालेले अनेक वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या ताफ्यात होते. कागदावरची खूण बघून वाजवणं ही गोष्ट आपल्याला अगदीच परकी नाही.

कॉम्प्युटरचा आवाज खोटा का वाटतो?

नोटेशन सॉफ्टवेअर आतून मिडी नावाच्या भाषेत बोलतं. ही भाषा १९८३ मध्ये आली. तिच्यात मुख्यतः 'कोणता स्वर, किती जोरात, कधी सुरू, कधी बंद' अशी माहिती असते. जोर मोजायचा तो ० ते १२७ या आकड्यांत. म्यूजस्कोअरच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये मेझो फोर्टे म्हणजे ८० आणि फोर्टे म्हणजे ९६ असे आकडे ठरलेले होते. हाच आकडा फ्लूटलाही आणि ट्रॉम्बोनलाही! प्रत्यक्षात ट्रॉम्बोनच्या फोर्टेपुढे फ्लूटच्या खालच्या पट्टीतला फोर्टे अगदी दबून जातो.

खोटेपणाची मुख्य कारणं अशी:

१. सगळे स्वर सारख्याच जोराने आणि घड्याळाच्या ठोक्यावर वाजतात.
२. वादक श्वास घेतच नाही.
३. एकाच स्वराचं एकच सॅम्पल पुन्हा पुन्हा वाजतं. जलद स्वरांत ते मशीनगनसारखं वाटतं.
४. लांब स्वर सपाट राहतो. माणसाचा स्वर थोडा फुलतो, थोडा उतरतो.
५. प्रत्येक वाद्य वेगळ्याच खोलीत वाजतंय असं वाटतं, कारण सगळ्यांना मिळून एक हॉल नसतो.

यातलं तिसरं कारण सोडलं तर बाकी सगळं तुमच्या हातात आहे, तेही पैसे न घालवता.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

म्यूजस्कोअर स्टुडिओ: मोफत आणि ओपन सोर्स. विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये याची चौथी मोठी आवृत्ती आली आणि तिच्यासोबत म्यूज साउंड्स हे मोफत आवाज आले. ते म्यूज हब या वेगळ्या ॲपमधून डाउनलोड करावे लागतात. फाइल्स काही जीबींच्या आहेत, त्यामुळे मोबाईल डेटावर सुरू करू नका, वायफाय शोधा. नवीन फाइल बनवताना टेम्प्लेटमध्ये कॉन्सर्ट बँड निवडा, म्हणजे सगळी वाद्यं योग्य क्रमाने आपोआप येतील.

सिबेलियस आणि डोरिको: दोन्ही व्यावसायिक दर्जाची. डोरिकोची पहिली आवृत्ती २०१६ मध्ये आली. ती बनवणारी टीम मूळची सिबेलियसवर काम करणारी.

फिनाले: १९८८ पासूनचं जुनं नाव. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने याचा पुढचा विकास थांबवल्याचं जाहीर केलं. तुमच्या बँडमास्तरांकडे फिनालेच्या फाइल्स असतील तर त्या म्युझिकएक्सएमएल फॉरमॅटमध्ये काढून ठेवा. हा फॉरमॅट बाकीची सॉफ्टवेअर उघडू शकतात.

नोटपरफॉर्मर: हे आवाजाचं सशुल्क इंजिन आहे. ते सिबेलियस, डोरिको आणि फिनालेसोबत चालतं. स्कोअर साधारण एक सेकंद आधी वाचून ते पुढे काय येतंय ते बघतं आणि त्यानुसार ओळीला आकार देतं. खरा वादकही डोळ्याने दोन स्वर पुढे वाचत असतो, तसंच हे.

या लेखातली उदाहरणं म्यूजस्कोअरची आहेत, कारण ते कोणालाही लगेच मिळू शकतं. एक गोष्ट मात्र तपासा. एफ१० दाबून मिक्सर उघडा आणि प्रत्येक वाद्यासमोर कोणता आवाज लागलाय ते बघा. म्यूज साउंड्स मुख्यतः ऑर्केस्ट्रा डोळ्यासमोर ठेवून सुरू झाले, त्यामुळे सॅक्सोफोन, युफोनियम अशी बँडची सगळी वाद्यं तुमच्याकडे चांगल्या आवाजात आहेतच असं धरून चालू नका. नसेल तिथे सॉफ्टवेअर गुपचूप जुना साधा आवाज लावतं.

हे सगळं फोनवर होईल का?

या लेखातल्या पद्धतीने स्कोअर लिहिणं आणि चांगल्या आवाजात काढणं यासाठी कॉम्प्युटर लागतो. घरी नसेल तर शाळेच्या लॅबमध्ये किंवा मित्राच्या लॅपटॉपवर दोन-तीन तास पुरतात. फोनचा खरा उपयोग पुढे आहे. बँडलॅबसारख्या मोफत ॲपमध्ये वेगवेगळ्या ऑडिओ फाइल्स एकत्र करता येतात आणि खरं वाद्य रेकॉर्ड करून त्यात मिसळता येतं.

पायरी १: स्कोअर पूर्ण लिहा

कॉम्प्युटर तुमच्या मनातलं ओळखत नाही. कागदावर जे नाही ते वाजणार नाही. म्हणून:

- प्रत्येक वाद्याच्या ओळीत आवाजाची खूण द्या. फक्त सगळ्यात वरच्या ओळीत देऊन भागत नाही.
- लांब स्वरांखाली वाढत्या किंवा उतरत्या आवाजाचा कंस काढा. चार ठोक्यांचा स्वर थोडा फुलवला तरी लगेच जिवंत वाटतो.
- स्लर नीट द्या. स्लरच्या आतले स्वर एका फुंकरीत, जिभेचा ठोका न देता वाजतात. स्लर नसेल तर प्रत्येक स्वराला जीभ लागते. फुंकवाद्यांत हा फरक फार मोठा आहे.
- तुटक स्वरांवर स्टकाटो, जोर असेल तिथे ॲक्सेंट, पूर्ण धरायचा असेल तिथे टेन्युटो.

याच टप्प्यावर ट्रान्सपोझिंग वाद्यांची काळजी घ्या. बी फ्लॅट क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजतात, एफ हॉर्न पाच स्वरांच्या अंतराने खाली, आल्टो सॅक्सोफोन सहा स्वरांच्या. म्यूजस्कोअरमध्ये कॉन्सर्ट पिच बटण दाबलं की सगळं प्रत्यक्ष ऐकू येणाऱ्या पट्टीत दिसतं. एखादं वाद्य सतत बेसूर वाटत असेल तर आधी इथेच चूक शोधा.

आणि रंग बघा. म्यूजस्कोअरमध्ये हौशी वादकाच्या आवाक्याबाहेरचा स्वर गडद पिवळसर दिसतो, व्यावसायिकाच्याही आवाक्याबाहेरचा लाल. कॉम्प्युटर दोन्ही आनंदाने वाजवेल. तुमचा ट्रम्पेटवाला नववीतला मुलगा आहे, हे त्याला माहीत नसतं. एकेकटा स्वर काळा असला तरी सलग वीस बार उंच पट्टीत ठेवले तर ओठ थकणारच, आणि त्यासाठी कोणताही रंग दिसत नाही.

पायरी २: दमसास तपासा

गाणं शिकणाऱ्यांना दमसास हा शब्द पाठ असतो. बँडमध्येही सगळा खेळ त्याचाच आहे. एक साधं गणित करा. चार ठोक्यांचे ८ बार म्हणजे ३२ ठोके. लय मिनिटाला ७२ असेल तर हे सुमारे २७ सेकंद होतात. एवढा वेळ ट्युबामध्ये जोरात फुंकत राहणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. फोनवर स्टॉपवॉच लावा, ओळ मोठ्याने गाऊन बघा. तुम्हाला जिथे श्वास घ्यावासा वाटतो, तिथेच वादकालाही वाटेल.

आता हे सॉफ्टवेअरला कसं सांगायचं? श्वासाची स्वल्पविरामासारखी खूण टाकली तर ती कागदावर दिसते, पण मुळात तिचा थांबा शून्य असतो. तिला थांबा दिला तर त्या क्षणी अख्खा बँड थांबतो! म्हणून सोपा मार्ग असा: ओळीचा शेवटचा स्वर अर्ध्या ठोक्याने लहान करा आणि उरलेल्या जागी विराम ठेवा.

दोन ट्युबा किंवा तीन क्लॅरिनेट एकच लांब स्वर धरत असतील तर त्यांचे श्वास वेगवेगळ्या जागी ठेवा. खरे वादकही आळीपाळीने श्वास घेतात आणि ऐकणाऱ्याला सलग स्वर वाटतो.

टीप: अशा बदलांसाठी फाइलची एक कॉपी करा. एक फाइल वादकांना द्यायची, दुसरी फक्त ऐकण्यासाठी. ऐकण्याच्या फाइलमध्ये हवी तेवढी लुडबुड करा, वादकाच्या कागदावर ती दिसता कामा नये.

पायरी ३: लय थोडी माणसाळवा

कोणताही बँड मेट्रोनोमसारखा वाजत नाही. ओळ संपताना लय किंचित सैल होते, जोशाच्या जागी किंचित पुढे जाते. म्यूजस्कोअरमध्ये जागोजागी लयीचे आकडे टाका: ९६ ची लय ओळीच्या शेवटी ९३, नव्या ओळीला पुन्हा ९६. मग ती खूण निवडून व्ही दाबा. खूण दिसेनाशी होते, पण वाजताना काम करते. आवाजाच्या खुणाही अशाच लपवता येतात.

इथे हात आवरता घ्या. मार्च असेल तर लय जवळजवळ स्थिर हवी, लोक त्यावर पावलं टाकतात. संथ रचनेत मोकळीक जास्त.

पायरी ४: तोल सांभाळा, पण फेडरने फसवू नका

हा या लेखाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग. समजा, तुम्ही फ्लूटला खालच्या पट्टीत सुंदर धून दिली आणि खाली तीन ट्रॉम्बोन मध्यम जोरात वाजतायत. ऐकताना फ्लूट दबतोय. मिक्सर समोरच आहे, फेडर वर सरकवला की काम झालं. रेकॉर्डिंग छान झालं, पण स्कोअर आहे तसाच राहिला. फेडर काही कागदावर छापून येत नाही.

तालमीत तो फ्लूट कोणालाच ऐकू येणार नाही. मग सर सगळ्यांना थांबवणार, ट्रॉम्बोनला 'हळू, हळू' म्हणणार आणि चाळीस जणांची दहा मिनिटं जाणार. याऐवजी स्कोअरमध्येच दुरुस्ती करा:

- धून एक सप्तक वर न्या. फ्लूट वरच्या पट्टीत आपोआप झळकतो.
- किंवा तीच धून क्लॅरिनेटलाही द्या.
- किंवा ट्रॉम्बोनला पियानो म्हणजे हळू आवाजाची खूण द्या, नाहीतर तिथे विरामच द्या.

आणखी एक गोष्ट. पितळी वाद्यं जोरात वाजली की नुसती मोठी होत नाहीत, त्यांचा आवाज धारदार होतो. म्हणून ट्रम्पेटला हळू वाजवून फेडरने मोठं केलं तर कानाला विचित्र वाटतं: आवाज मोठा, पण जोर नाही. मोठेपणा हवा असेल तर स्कोअरमध्ये फोर्टे लिहा.

फेडरचा वापर फक्त सॅम्पलमधला दोष काढायला करा. उदाहरणार्थ, एखाद्या लायब्ररीतला बास ड्रमच मुळात कमी आवाजात रेकॉर्ड झालेला असेल, तर तो जरूर वाढवा.

पायरी ५: सगळ्यांना एका स्टेजवर बसवा

डोळे मिटून ऐकताना कोण कुठे बसलंय ते कळायला हवं. बँडनुसार बैठक बदलते, पण सुरुवातीला अशी मांडणी चालेल:

- क्लॅरिनेट: पुढे, डावीकडे
- फ्लूट आणि ओबो: पुढे, मध्याच्या जवळ
- सॅक्सोफोन: दुसऱ्या रांगेत, उजवीकडे
- हॉर्न: मधल्या रांगेत, थोडे डावीकडे
- ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन: मागच्या रांगेत, मध्याच्या दोन्ही बाजूंना
- युफोनियम आणि ट्युबा: मागे, उजवीकडे
- तालवाद्यं: सगळ्यात मागे, पसरलेली

मिक्सरमधला पॅन फार टोकाला नेऊ नका. हॉलमध्ये बसलेल्या माणसाला कोणतंही वाद्य फक्त एकाच कानात ऐकू येत नाही.

मागे-पुढे दाखवायचं काम रिव्हर्ब म्हणजे हॉलचा घुमारा करतो. नियम एकच: सगळ्यांना एकच हॉल द्या. पुढच्या वाद्यांना घुमारा कमी, मागच्यांना जास्त. म्यूजस्कोअरच्या मिक्सरमध्ये म्यूज रिव्हर्ब आहे. शाळेच्या सभागृहासाठी घुमारा विरायला एक-दीड सेकंद ठीक, मोठ्या संगीत सभागृहासाठी दोनच्या आसपास. त्याहून जास्त दिलात तर देवळाच्या गाभाऱ्यात मार्च वाजवल्यासारखं होईल.

आवाजाला अंतर कापायलाही वेळ लागतो. हवेत तो सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे १० मीटर मागचा बास ड्रम तुमच्या कानापर्यंत साधारण २९ मिलिसेकंदांनी पोहोचतो. ऑडिओ एडिटिंग ॲपमध्ये मागच्या वाद्यांचे ट्रॅक १०-२० मिलिसेकंद मागे सरकवले तर खोली जाणवते.

पायरी ६: एक तरी खरं वाद्य मिसळा

ही युक्ती सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक. ओळखीत कोणी क्लॅरिनेट, ट्रम्पेट किंवा स्नेअर ड्रम वाजवत असेल तर त्याला हेडफोनवर तुमचं रेकॉर्डिंग ऐकवत त्याची ओळ वाजवायला सांगा आणि फोनवर रेकॉर्ड करा. पडदे, गाद्या असलेली खोली निवडा, पंखा बंद ठेवा. फोन वाद्याच्या तोंडासमोर न धरता दीड-दोन मीटर लांब, थोडा बाजूला ठेवा, नाहीतर आवाज फाटतो.

हा ट्रॅक बँडलॅबमध्ये बाकीच्या बँडवर ठेवा आणि त्यालाही तोच घुमारा द्या. मुख्य धून खरी असली की कान मागच्या कॉम्प्युटरी वाद्यांकडे दुर्लक्ष करतो. शिवाय त्या वादकाने दोन ठिकाणी 'इथे श्वास घेताच येत नाही रे' असं सांगितलं, तर तो सल्ला कुठल्याही महागड्या साउंडपेक्षा मोलाचा.

पायरी ७: ऐका, तपासा, एक्सपोर्ट करा

फोनच्या स्पीकरवर मिक्सिंग करू नका. ट्युबाचा खालचा बी फ्लॅट सुमारे ५८ हर्ट्झचा असतो. एवढा खालचा आवाज फोनच्या इवल्याशा स्पीकरला जवळजवळ काढताच येत नाही. 'ट्युबा ऐकू येत नाही' म्हणून तुम्ही तो वाढवत न्याल आणि मोठ्या स्पीकरवर भिंती हादरतील. आधी हेडफोनवर मिक्स करा, शेवटी फोनवर एकदा ऐका, कारण तुमचे मित्र त्यावरच ऐकणार आहेत.

सगळ्यात मोठ्या जागीही आवाजाचा मीटर लाल होता कामा नये. हळू जागा हळूच राहू द्या. सगळं एकाच पातळीवर आणलं की बँडची शानच जाते.

फाइल डब्ल्यूएव्ही फॉरमॅटमध्ये काढली तर सीडीच्या दर्जाला मिनिटाला साधारण १०.५ एमबी लागतात, १९२ केबीपीएसच्या एमपी३ला दीड एमबीच्याही आत. मूळ डब्ल्यूएव्ही जपून ठेवा, शेअर करायला एमपी३ वापरा. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फाइल आहे तशी पोहोचते.

सराव कशावर करावा?

स्वतःची रचना नसेल तर गुस्ताव होल्स्ट या इंग्लिश संगीतकाराची 'फर्स्ट सूट इन ई फ्लॅट' घ्या. १९०९ ची ही रचना कॉन्सर्ट बँडच्या दुनियेत पायाभूत मानली जाते. होल्स्ट १९३४ मध्ये वारले. भारतात रचनेचा कॉपीराइट कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो, त्यामुळे मूळ रचना आपल्याकडे मुक्त आहे. मात्र एखाद्या प्रकाशकाने नव्याने केलेलं संपादन किंवा एखाद्या बँडचं रेकॉर्डिंग यांचे हक्क वेगळे असू शकतात.

तिचा पहिला भाग सरावासाठी उत्तम आहे. सुरुवातीला युफोनियम आणि ट्युबा आठ बारची एक धून वाजवतात, आणि मग तीच धून वेगवेगळ्या वाद्यांतून फिरत राहते. पहिले आठ बार भरा. आधी काहीही न करता ऐका. मग ओळ गाऊन श्वासाच्या जागा ठरवा, स्लर द्या, लांब स्वर फुलवा, शेवटी लय दोन आकड्यांनी सैल करा. आता पुन्हा ऐका. दोनच वाद्यं आहेत, त्यामुळे प्रत्येक बदलाचा परिणाम स्पष्ट कळेल. त्यानंतर खऱ्या बँडचं एखादं रेकॉर्डिंग शोधा आणि तुलना करा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

महागडी साउंड लायब्ररी घेतली तर हे सगळं करावं लागेल का?
हो. चांगलं सॅम्पल म्हणजे चांगलं वाद्य. ते वाजवणारा माणूस तुम्हालाच बनवावा लागतो.

क्लॅरिनेटचे सहा वादक दाखवायला एकच ट्रॅक सहा वेळा कॉपी केला तर?
तोच ट्रॅक तंतोतंत कॉपी केला तर फक्त आवाज वाढतो, वादक वाढत नाहीत. थोडा मागे-पुढे सरकवला तरी एकच सॅम्पल असल्याने पोकळ, विचित्र आवाज येऊ शकतो. दुसऱ्या लायब्ररीतला क्लॅरिनेट घेऊन त्याची वेळ १५-२० मिलिसेकंद बदला, निकाल बराच बरा येतो.

प्रॉम्प्ट देऊन संगीत बनवणारं एआय टूल वापरलं तर?
'बँडसारखं' काहीतरी नक्कीच मिळेल. पण तुम्ही लिहिलेला स्कोअर खऱ्या वादकांकडून कसा वाजेल, हे त्यातून कळणार नाही. आपलं काम नेमकं तेच आहे.

असं रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकावं का?
स्वतःची रचना असेल तर जरूर टाका. सिनेमाचं गाणं बँडसाठी बसवलं असेल तर मूळ गाण्याच्या हक्कदारांची परवानगी लागते. आणि वर्णनात स्पष्ट लिहा की हे कॉम्प्युटरवर बनवलेलं आहे. एखाद्या शाळेने ते खऱ्या बँडचं समजून स्कोअर निवडला तर त्यांची फसगत होईल.

निष्कर्ष

थोडक्यात सांगायचं तर, सॉफ्टवेअर कधी दमत नाही, कधी चुकत नाही आणि तुमच्या चुका कधी दाखवतही नाही. तुम्हीच त्याला दम घ्यायला लावलात, ट्रॉम्बोनपुढे फ्लूटला दबू दिलंत, मागच्या रांगेतल्याला मागेच बसवलंत, तर ते रेकॉर्डिंग तुमच्याशी खरं बोलेल. आणि मग तालमीच्या दिवशी पहिल्या बारपासून चाळीस जण तेच वाजवतील जे तुम्ही हेडफोनवर ऐकलं होतं.

तुम्ही बँडमध्ये कोणतं वाद्य वाजवता, आणि कॉम्प्युटरवर छान वाटलेली कोणती जागा प्रत्यक्षात वाजवताच आली नाही, ते आम्हाला कमेंटमध्ये नक्की सांगा. माहिती उपयोगी वाटली तर तुमच्या बँडच्या ग्रुपवर शेअर करायला विसरू नका.